भिंतीवरची विळी

चिमाने स्टुलावर चढून भिंतीवरची विळी खाली काढली. पात्याला कसलंसं चकचकीत रोगण फासलेलं होतं. तिने अंगठा फिरवून बघितला, तर धार नावालाही नव्हती.

"आये, ती शोभेची हाय," पलंगावरून वेदिका म्हणाली. "मालक ओरडेल."

"विळी शोभेची! उद्या चूल पण टांगतील भिंतीला. तू गप पडून रव."

घासणीने रोगण खरवडून झाल्यावर चिमा बाल्कनीच्या उंबऱ्याशी बसली आणि दगडावर पाणी शिंपडून पातं घासायला लागली. घासता घासता तिचा राग जरा तरी खाली बसेल असं वाटत होतं. पण तो कसला बसतोय! उलट एकेक गोष्ट आठवत गेली आणि हात आणखी जोराने चालायला लागला.

हे घर जावयाने, संदेशने, मुंबईहून फोनवर बघून ठरवलं होतं. वेदिकाचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि वेदिकाला मात्र घरी जा म्हणून सांगितलं. घरी म्हणजे कुठे, तर दाभोळला! तिथून रत्नागिरी काय हाकेच्या अंतरावर आहे? बाळाला आईचं दूध वेळोवेळी पोचवायला हवं होतं. म्हणून इस्पितळापासून चालत जाता येईल असं घर बघितलं. जाहिरातीत लिहिलं होतं, रत्नागिरीतली जुनी ऐतिहासिक आळी, मच्छीमारांच्या घरात राहिल्याचा अनुभव, बंदर, किल्ला, मासळीबाजार सगळं पायी फिरण्यासारखं. ते वाचून चिमालाही बरं वाटलं होतं. आपल्यासारख्याच माणसांचं घर असेल, बाळंतिणीचं करायला अवघड जाणार नाही.

आणि येऊन बघते तर काय! खिडकीला पडद्याच्या जागी जाळं, भिंतीवर मासे विकायची टोपली, तिच्या शेजारी ही विळी, कोपऱ्यातल्या जात्यात कसलीशी वेल लावलेली. बाहेर पाटी, शुद्ध शाकाहारी. आणि दाराच्या मागे नियम, घरात मासे-मटण शिजवू नये, बाहेरून आणूही नये. जाळं चालतं, टोपली चालते, विळी चालते, मासा तेवढा चालत नाही. चिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पोरीकडे बघून तिने तोंडाला कुलूप घातलं.

मग खालून नाश्त्याला उपमा यायचा, पोहे यायचे. वेदिका दोन घास खाऊन बशी बाजूला सरकवायची. दूध म्हणून धड येत नव्हतं. इस्पितळात जेमतेम बाटलीच्या तळाएवढं दूध देऊन ती परत यायची, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. चिमाच्या माहेरी, सासरी, अख्ख्या वाडीत बाळंतिणीला पहिल्यांदा काय घालतात हे कोणी विचारतसुद्धा नाही. मुडदुशांचं कालवण. हलका, पांढरा, सोसणारा मासा. चिमाला तिच्या आईने घातलं, तिच्या आईला आजीने घातलं असणार. आणि आपल्या पोरीला आपण ते घालू शकत नाही, कुणा एकाच्या पाटीपायी! छे.

आज बुधवार होता, वाराचीही आडकाठी नव्हती. सकाळीच ती बंदरावर जाऊन मुडदुशे घेऊन आली होती.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर मालकाची आई बसली होती. ठमाबाई नाव. पांढरी वेणी, हातात काठी, सकाळ-संध्याकाळ तिथेच ठाण मांडलेली. चिमाला ती म्हातारी पहारेकरीणच वाटायची.

"बाजारात जाऊन आलीस काय गो?" म्हातारीने विचारलं. "काय आला हाय आज?"

"भाजी," चिमा म्हणाली.

म्हातारीने पिशवीच्या बुडाला हात लावला. हात ओला झाला. तिने तो लुगड्याला पुसला आणि बाजूला सरून वाट दिली.

आता ती लेकाला जाऊन सांगणार, हे चिमाने तेव्हाच ओळखलं. सांगू दे. एकदा कालवण पोरीच्या पोटात गेलं की मग येऊ दे कोण यायचं ते.

धार लागली. चिमाने विळीच्या पाटावर पाय दाबून मुडदुशे साफ केले, घाण कागदात घट्ट बांधून ठेवली. लसूण ठेचला, हळद-मिरीचं वाटण केलं, नारळाचा दाट रस काढला, चार आमसुलं टाकली. तिखट अगदी बोटावर घेण्याइतकं. खिडक्या तिने आधीच लावून घेतल्या होत्या. पण कालवणाला उकळी फुटल्यावर त्याच्या वासाला कोण अडवणार? दाराच्या फटीतून तो आपला आपण निघाला.

वेदिका उठून बसली. "आये, वास येतोय."

"येऊ दे. तू ताट घे."

वेदिकाने पहिला घास मोठा घेतला, दुसरा त्याहून मोठा. मग मान खाली घालून ती जेवतच राहिली. बोटांनी काटा काढायची, कडेला ठेवायची, पुन्हा भात कालवायची. लेक पुन्हा माणसांत आली, असं चिमाला वाटलं. तिने न विचारता आणखी भात वाढला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात दार वाजलं. वेदिका ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

दारात दीपेश होता, घराचा मालक. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. एरवी मावशी मावशी करून गोड बोलायचा. आता त्याच्या कपाळावर आठी होती.

"मावशी, हे काय चाललंय? समोरच्या गेस्टचा मेसेज आलाय. नियम दारामागे लिहिलेत ना?"

"वाचलेत मी. अडाणी नाय मी."

"मग?"

"मग काय? तू फोनवर काय लिवलंस ते पण वाचलान माज्या जावयानं. मासळीबाजार चालत जाण्यासारखा. बाजारात जायाचं ते काय माशांचं दर्शन घेऊन परत यायाला?"

"लोक फोटो काढायला जातात, मावशी."

"फोटो!" चिमाने कपाळाला हात लावला. "अरे, आमी दर्यावर मरायचं नि तुजे पाव्हणे जाळ्याम्होरं उभे राहून फोटो काढणार! मच्छीमाराच्या घरात राहिल्याचा अनुभव म्हणे. मच्छीमारीण आली ना तुज्या घरात, बघ, ही मी. तर तिचा तुला वास येतो?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालास?"

दीपेशने जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "माझा धंदा आहे हो हा. बाहेरगावची माणसं येतात, त्यांना वास चालत नाही. एकाने वाईट लिहिलं की पुढचे दहा फिरकत नाहीत. तुमच्यासारख्यांना मी कुठे नाही म्हणतो? फक्त नियम पाळा. आता मला पर्याय नाही. उद्या सकाळी रूम खाली करा."

चिमाने आतल्या खोलीकडे बघितलं. उद्या सकाळी. मग वेदिकाने कुठे राहायचं, दूध घेऊन कुठून यायचं? बाळ तिकडे पेटीत, आणि आई कुठे, तर एसटी स्टँडवर?

"जा, पोलिसांना आण," ती म्हणाली. "माज्या पोरीला आज पहिल्यांदा अन्न गोड लागलाय. माजा नातू काचेत निजलाय. त्याचा जीव जोवर त्या पेटीत हाय, तोवर मी हिथनं हलायची नाय. आणि चहाडी करणाऱ्या तुज्या आयशीला सांग, बाळंतिणीच्या ताटावर नजर ठेवणाऱ्याचं भलं होत नाय."

"आईचा काय संबंध?" दीपेश चक्रावला. "आईने मला काही सांगितलं नाही."

जिन्यावर काठी वाजली. ठमाबाई एकेक पायरी चढत होती, मध्ये थांबत होती. गुडघे तिला वर येऊ देत नाहीत, असं दीपेशनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ती दारात आली, चौकट धरून धाप टाकली. एक हात पदराखाली होता.

"आई, तू कशाला आलीस वर?"

ठमाबाईची नजर ओट्याशी धुऊन ठेवलेल्या विळीवर गेली होती. ती सरळ आत आली, काठी बाजूला ठेवली, ओट्याला धरून वाकली आणि पात्यावर अंगठा आडवा फिरवला.

"कोणी लावलीन धार?"

"मी," चिमा ताठ उभी राहिली. "काय म्हणायचं असल तर म्हणा."

"बरी लावलीस." ठमाबाईने लेकाकडे बघितलं. "रोगण फासलंवतंस हिला. मेल्या, ह्या विळीवर वाढलास तू. बंदरावर बसून मासे कापून दिले लोकांना, म्हणून ह्या भिंती उभ्या राहिल्या. मी भिंतीला मारायला दिलीवती काय ती?"

"आई, आत्ता नको. पाहुणे ऐकतील."

"ऐकू दे."

ती इतकंच म्हणाली, आणि मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. पदराखालचा हात बाहेर आला. त्यात स्टीलची एक वाटी होती. तिने ती चिमापुढे धरली, पण नजर वर केली नाही.

"कालवण उरलाय काय गो थोडा?"

"आई!" दीपेश म्हणाला.

"काय आई? खालच्या चुलीवर तुज्या पाव्हण्यांचा नाश्ता होतो, म्हणून मासा आणायचा नाय. नाय आणला. आमटी-भात खातंय. बोललंय कधी? सकाळी हिच्या पिशवीला हात लावला, तेवापास्नं जीव वर लागलाय माजा." तिने वाटी खाली घेतली नाही. "घोटभर रस दे. तुकडा नको, तो बाळंतिणीला ठेव."

म्हातारीला सुनावायला चिमाने किती शिव्या तयार ठेवल्या होत्या! त्यातली एकही तोंडावर येईना. तिने दीपेशकडे बघितलं. फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

चिमाने वाटी हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. पाट मांडला. ताट घेतलं, गरम भात वाढला, मधोमध आळं केलं, त्यात कालवण ओतलं आणि त्यावर दोन अख्खे मुडदुशे ठेवले.

"वाटीत कशाला?" ती म्हणाली. "बसा. घर तुमचंच हाय."

ठमाबाई ओट्याला धरत हळूहळू खाली बसली. आतल्या खोलीच्या दारात वेदिका रिकामं ताट घेऊन उभी होती, तिला म्हातारीने मानेनेच बस म्हणून सांगितलं. मग पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच धरून ठेवला.

दीपेश उंबऱ्याबाहेर तसाच उभा होता. समोरच्या फ्लॅटचं दार किंचित उघडलं.

"तिथं काय उभा राह्यलास?" ठमाबाई मान वर न करता म्हणाली. "आत ये, नायतर खाली जा. पण दार लाव. वास जातोय सगळा."

दीपेशने एकदा समोरच्या दाराकडे बघितलं, एकदा आईच्या ताटाकडे. मग त्याने चपला काढल्या आणि दार आतून लावून घेतलं.