एक दात वर

कृष्णाकाठच्या मळ्यांवर माघाचं ऊन उतरलं होतं. कोवळं ऊन, केशरी ऊन, उसाच्या पाचटावरून ओघळत येणारं गुळमट ऊन. दूर कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं होतं आणि त्याचा धूसर-मधुर धूर आंब्याच्या मोहरात मिसळून गेला होता. नांदणीच्या वाटेवरच्या एका अंगणात मात्र काही हलत नव्हतं. तिथं एक अँबॅसिडर उभी होती, आणि ती डावीकडे कलली होती.

शुभ्रवर्णा, स्थूलांगी, गजगामिनी गाडी. भूपाल मगदुमांची गाडी. भूपालअण्णा म्हणजे सव्वाशे किलोंचा देह आणि सव्वा शब्दाचं बोलणं. गेल्या माघात तो देहही गेला, ते बोलणंही गेलं, आणि गाडी तेवढी जागच्या जागी राहिली.

त्यांची पत्नी इंदुमती त्यानंतर गाडीत बसली नव्हती. गाडीत कसली, उंबऱ्याबाहेरही ती फारशी पडली नव्हती. उद्या वर्ष पुरं होत होतं. लेकीच्या, त्रिशलाच्या मनात एकच होतं, उद्या आईला याच गाडीतून बाहुबलीच्या डोंगराला दर्शनाला न्यायचं. आई बसली नाही तर गाडीवर कायमची ताडपत्री पडेल, आणि गाडीपाठोपाठ आईवरही, या भीतीनं तिला ग्रासलं होतं.

"आई, डावीकडची दांडी थकलीय बघ. एक दात वर घेते, म्हणजे सरळ उभी राहील."

पायरीवर बसलेली इंदुमती तुरीच्या शेंगा सोलत राहिली.

या गाडीच्या पोटाखाली, दोन्ही अंगांना, एकेक लांब पोलादी दांडी असते. चाकावर भार आला की ती पिळते. पिळते आणि पेलते, पिळते म्हणूनच पेलते. तिच्या टोकाला बारीक दात असतात. दांडी एका दातानं इकडे फिरवली तर त्या अंगाला गाडीचं नाक दोन बोटं वर, तिकडे फिरवली तर दोन बोटं खाली. त्रिशला हे अण्णांशेजारी उताणी पडून शिकली होती. लोकांच्या पोरी रांगोळी शिकतात, मगदुमांची पोर ग्रीस शिकली, असं गाव म्हणायचं.

जॅक चढला, ठोकळे लागले. त्रिशला गाडीखाली सरकली आणि तारेच्या ब्रशानं वर्षांची माती झाडू लागली. डाव्या दांडीवर छिन्नीची एक जुनी खूण होती, आणि दांडी बरोबर त्या खुणेवर होती. ती थकली नव्हती. मग त्रिशलानं उजवी दांडी घासली. तिथं खुणा दोन होत्या. एक तशीच जुनी, आणि तिच्यावर एका दाताच्या अंतरानं दुसरी, हातानं ठोकलेली, थोडी तिरकी. दांडी त्या तिरक्या खुणेवर बसवलेली होती.

डावी बाजू खचली नव्हती. उजवी उचललेली होती. स्टिअरिंगमागं अण्णांचा भार बसला की गाडी समतल व्हायची, आणि तो भार बसायचा थांबला म्हणून ती कलली होती. वर्षभर ती त्या सव्वाशे किलोंची जागा राखून उभी होती. त्रिशलाला गाडीखालीच रडू कोसळलं. ग्रीसच्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

"आई, उजवी बाजू अण्णांनी वर घेतलीय."

"ठाऊक हाय मला," पायरीवरून आवाज आला. "हे आत बसले हुते, मापाची टेप मीच धरली हुती."

शेंगा सोलणारे हात थांबले होते.

"लग्नाचं दुसरं वरीस. पुढची सीट ही अशी सलग. हे बसले की गाडी उजवीकडं झुकायची, आणि मी घसरत घसरत जाऊन ह्यांच्या खांद्याला टेकायची. एकदा मी आपलं लटकंच म्हणाले, किती ओ घसरायला हुतंय, सगळं लुगडं चुरगळलं. हे गप्पच. रविवारी दिवसभर गाडीखाली पडून राहिले. सांजेला बाहेर आले आणि म्हणाले, आता न्हाई घसरणार तू."

"मग?"

"मग काय. न्हाई घसरले. चाळीस वर्षं न्हाई घसरले." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मला घसरायला आवडायचं गं. पण येवढं राबले बिचारे, सांगायचं कसं?"

सव्वा शब्दाच्या माणसाला लटकं कळत नाही. त्यानं ते खरं मानलं आणि मनापासून दुरुस्त केलं. चाळीस वर्षं ती दोघं वीतभर अंतर राखून, अगदी सरळ, अगदी समतल, गावोगाव हिंडली. दोघांचंही एकमेकांवर फार प्रेम होतं.

"काढू का गं हा दात?" त्रिशलानं विचारलं.

ऊन पायरीवरून एक बोट सरकलं. मोहराचा वास आला, गेला, पुन्हा आला.

"काढ," इंदुमती म्हणाली. "आता तिथं तू बसणार. तुझ्या मापाची कर."

दांडी सुटली, एक दात मागं फिरली आणि जुन्या खुणेवर बसली. चाकं जमिनीला टेकली. दोघींनी गाडी अंगणात पुढं-मागं ढकलली, पुन्हा पुढं, पुन्हा मागं, कारण हलवल्याशिवाय गाडी आपल्या उंचीवर बसत नाही. मग त्रिशला स्टिअरिंगमागं बसली, आणि इंदुमतीनं वाकून दोन्ही चाकांवरची उंची मोजली. डावी उजवीइतकीच भरली.

टेप गुंडाळून तिनं डावं दार उघडलं. वर्षानंतर ती आत बसली.

सीट सपाट होती. कुठं उतार नव्हता, कुठं झुकाव नव्हता, घसरायला काही निमित्तच नव्हतं. इंदुमती क्षणभर तशीच ताठ बसली. मग ती आपणहून सरकली. तसूतसूनं, वीतभर, चाळीस वर्षांचं ते अंतर ओलांडून सरकली, आणि लेकीच्या खांद्याला टेकली. खांद्यावरचं ग्रीस पदराला लागलं. तिनं पदर आवरला नाही.