सुकाणू ओढणारी बायको

धक्क्यावर एवढी गर्दी होती की मागच्यांना पुढच्यांची फक्त डोकी दिसत होती. तरीही चमत्कार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं तेच जास्त छातीठोकपणे सांगत होते.

चमत्कार असा. नावाड्याची बायको आजारपणात गेली आणि नंतर त्याची शिडाची नाव सरळ चालेनाशी झाली. सुकाणूचा दांडा धरला की हाताला ओढ लागे, सोडला की नाव आपोआप वळे. गावातल्या आश्रमाच्या बुवांनी लांबूनच निदान केलं, बायकोचा जीव नावेत अडकलाय. मग ते रोज नावेच्या काठावर बसून हाक मारू लागले, "ये बाई, माझ्याकडे ये." नावाडी दांडा सोडी आणि नाव बुवांच्या बाजूला तोंड वळवी. धक्क्यावरचे लोक हात जोडत. बसण्याआधी बुवा डोळे मिटून चेहरा चहूकडे फिरवत. आत्म्याचा स्पर्श म्हणे गालाला आधी कळतो.

उपायही तयार होता. नाव आश्रमाला वाहायची. मुक्ती आत्म्याला, नाव बुवांना, अशी चोख वाटणी.

नावाडी कबूल झाला होता. नाव गेली तर पोट कशावर भरायचं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण बायको तिथं तळमळतेय हे ऐकल्यापासून त्याला घास जात नव्हता. प्रवासी उतरले की तो दांडा धरून तिच्याशी बोलायचा, आणि हाताला ओढ लागली की त्याला ते उत्तर वाटायचं.

आज शेवटची फेरी. बुवा बसले, त्यांचे पट्टशिष्य औषध दुकानदार बसले. एवढ्यात नावाड्याची धाकटी मेहुणी चढली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टी लागताच आली होती.

"भावजी, ताई तुमचं ऐकायची का हो?"

"छे. कधीच नाही."

"मग मेल्यावर एवढी आज्ञाधारक कशी झाली? परक्या माणसानं हाक मारली की येते?"

"मुली, थट्टा करू नकोस. आत्मा कोपेल," बुवा म्हणाले.

"कोपू दे. माझी सख्खी बहीण आहे. कोपलेली पुष्कळदा पाहिलीय." नाव भर पाण्यात आल्यावर ती म्हणाली, "बुवा, जरा समोरच्या काठावर बसता का? इथं वारा तोंडावर येतोय तुमच्या."

"आसन बदलता येत नाही."

"आत्म्याला दिसत नाही की काय तिकडचं?"

दुकानदारालाही तो प्रश्न रास्त वाटला. "बसा ना महाराज, तोंड बंद होईल हिचं."

बुवा नाइलाजानं सरकले. त्यांनी हाक मारली. नावाड्यानं दांडा सोडला. नावेनं बुवांकडे चक्क पाठ फिरवली आणि वाऱ्याकडे तोंड केलं.

"रुसली आहे," बुवा म्हणाले.

नाव उलट दिशेनं हाकून पुन्हा पाहिलं. बुवा कुठंही बसोत, नाव वाऱ्याकडेच वळली. त्या दिवशी आत्मा फारच रुसला होता.

मेहुणीनं एका दोरीला वजन बांधून ती डोलकाठीच्या वरच्या टोकावरून खाली सोडली. दोरी काठीच्या बुडापासून बरीच मागं लोंबली. "बघा, काठी मागं कलली आहे. शीडही मागं गेलं, त्यामुळे वारा नावेचं शेपूट जास्त ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. शाळेच्या छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा असाच फिरतो. त्याच्यात कोण अडकलंय, बुवा?"

"पण आधी सरळ चालायची," नावाडी म्हणाला.

"काठीला पुढं ओढून धरणारा हा दोर कोण आवळायचं?"

नावाड्यानं तो सैल दोर हातात घेतला. "तीच. मी शीड चढवायचो, ती पुढं बसून काहीतरी करायची. मी कधी विचारलं नाही."

"दोर ताणून सैल होतो, भावजी. ती असेपर्यंत आवळला जायचा."

त्यांनी मागचे दोर ढिले केले, पुढचा आवळला, काठी उभी केली. नाव सरळ निघाली. दांडा नावाड्याच्या हातात शांत पडून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थोडी ओढ अजून लागतेय," तो हळूच म्हणाला.

"तेवढी मुद्दाम ठेवली. हात सुटला तर नाव वाऱ्याकडे तोंड करून थांबेल, भरकटणार नाही."

"म्हणजे ती नाही."

"नाही, भावजी. वारा आहे."

धक्क्याला लागून सगळे उतरल्यावर बुवा म्हणाले, "आत्मा मुक्त झाला. आता नाव वाहून टाका."

"मुक्त झाला तर नाव कशाला हवी तुम्हाला?" नावाड्यानं विचारलं आणि तो लोकांकडे वळला. "माझी बायको गेली. ती रोज काय करायची ते मी पाहिलं नाही, म्हणून या माणसानं सांगितलं ते मला खरं वाटलं. तुमचं माणूस गेलं तर रडा. पण कुणी त्याच्या नावानं काही मागायला आला, तर आधी त्याला जागा बदलून बसायला सांगा. चला, पलीकडे कोण येतंय?"

दुकानदार सगळ्यात आधी चढला.