किरणबाबांची उबदार पेटी

गाद्यांचं दुकान बंद पडलं होतं, पण त्याच्यापुढे सकाळपासून गुडघ्यांची रांग लागली होती. म्हणजे उभी होती ती माणसंच, पण जो तो आपल्या गुडघ्याबद्दलच बोलत होता. आत किरणबाबा मांडी घालून बसले होते. छातीवर रुळणारी दाढी, खांद्याखाली केस आणि पुढ्यात ती पेटी. जाड पत्र्याची, बाजूला पिवळं-पांढरं लेबल, त्यावर तीन पात्यांचं काळं चिन्ह. पेटीवर बसलं की खालून ऊब चढायची आणि आतून टिक टिक ऐकू यायची. बाबा डोळे मिटून सांगायचे, "अणू जागा झाला. त्याला दुखणं दाखवा आणि गप्प बसा. तो लाजाळू आहे."

रांग मोडून तपासनीस बाई आत शिरल्या तेव्हा त्या लाजाळू अणूवर त्यांची सख्खी मावशी बसलेली होती.

बाईंची नोकरी किरणोत्सर्गी मालाच्या वाहतुकीवर लक्ष ठेवण्याची. रुग्णालयांना लागणारी अशी औषधं शिशाच्या भांड्यात, पेटीत बंद होऊन गाडीने जातात. पेटी नीट बांधली आहे ना, चालकापासून पुरेशी लांब ठेवली आहे ना, हे सगळं त्या बघत. आज मालगोदामाच्या व्यवस्थापकाने घाईघाईने बोलावलं होतं. रुग्णालयात जायच्या खऱ्या पेटीवर एक आजोबा येऊन बसले होते आणि कंबर मोकळी झाल्याशिवाय उठायला तयार नव्हते. हे कुठे शिकलात, असं विचारल्यावर त्या आजोबांनी पत्ता दिला तो या दुकानाचा.

"मावशी, ऊठ," बाई हळूच म्हणाल्या.

"माझी पाळी आहे," मावशी म्हणाली. "तू मागून ये."

बाईंनी पिशवीतून किरणं मोजायचं यंत्र काढलं आणि पेटीभोवती फिरवलं. काटा जागचा हलला नाही. बाबा मंद हसले. आपली किरणं सात्त्विक असल्यामुळे सरकारी यंत्राला दिसत नाहीत, असा खुलासा त्यांनी केला, आणि रांगेने माना डोलावल्या. मावशीने तर भाचीकडे पाहिलं, ते लहानपणी तिने पाहुण्यांसमोर नाक ओढल्यावर पाहायची तसं.

बाईंना मनातून राग आला होता. आपण कितीही समजावलं तरी बाबा प्रत्येक वाक्याला नवी शेपटी लावणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी समजावणं सोडलं आणि सरळ आपलं काम सुरू केलं. चेहरा गंभीर करून त्यांनी विचारलं, "म्हणजे पेटीत खरोखर किरणोत्सर्गी माल आहे?"

"अस्सल," बाबा म्हणाले. "फार उग्र."

"आणि भांडं उघडं आहे?"

"मग! झाकलेल्या शक्तीचा काय उपयोग?"

बाईंनी यंत्र पिशवीत ठेवलं आणि हातमोजे चढवले. मग शांतपणे सगळ्यांना नियम सांगितला. उघड्या मालाजवळ माणूस बसला असेल, तर आधी त्याला बाजूला काढायचं. अंगावरचे कपडे पिशवीत बंद करायचे. त्याला नखशिखांत घासून धुवायचं. केस धुऊनही साफ झाले नाहीत, तर कापायचे. सर्वांत जास्त वेळ जवळ बसलेल्या माणसापासून सुरुवात. एवढं बोलून त्यांनी बाबांच्या दाढीकडे पाहिलं आणि रुग्णालयाला फोन लावायला घेतला.

बाबांचा हात दाढीवर गेला.

"दाढीसुद्धा?"

"आधी दाढीच."

बाबांनी रांगेकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. मग एकदम साध्या, दुकानदारी आवाजात म्हणाले, "बाई, ठेवा तो फोन. रिकामी आहे हो ती."

मावशी ताडकन उठली. गुडघ्याची आठवणसुद्धा तिला राहिली नाही. बाबांनी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं. आत कंबर शेकायची विजेची गादी घडी घालून ठेवली होती. तिची वायर पेटीच्या भोकातून सतरंजीखाली जाऊन भिंतीतल्या प्लगपर्यंत पोहोचली होती. शेजारी फडक्यात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ. पेटी भंगारातून आणलेली. रिकामी पेटी टाकताना लेबल काढायचं असतं, ते कुणीतरी विसरलं होतं. त्या विसराळू माणसाला जाब विचारायचं बाईंनी तिथेच ठरवलं.

"पण मला बरं वाटत होतं," मावशी पडेल आवाजात म्हणाली.

"शेकल्यावर वाटतंच, मावशी. घरी शेक. त्याला बाबा लागत नाही."

मग बाई रांगेकडे वळल्या. खरी किरणं दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, आणि अशी पेटी हाताला ऊब देत नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणूनच तर ती मोजायला यंत्र आणि ओळखायला चिन्ह लागतं. "नीट बांधलेली पेटी शेजारून गेली तर घाबरू नका. पण तिला कवटाळू नका, तिच्यावर बसू नका. ते चिन्ह सांगतं, अंतर ठेवा. आणि कुणी त्याचा दुसरा अर्थ सांगितला, तर विचारा: कशावरून? दाखवा उघडून."

बाईंनी बोलावलेले पोलीस बाबांना घेऊन गेले, दाढीसकट.

संध्याकाळी मावशीला घरी सोडायला बाई निघाल्या, तर चौकात रुग्णालयाची गाडी थांबलेली. मागच्या दारावर तीन पात्यांचं चिन्ह. पदपथावरच्या एका गृहस्थांनी सवयीने हात जोडले आणि ते गाडीकडे सरकले. बाई काही बोलणार, तेवढ्यात मावशीने त्या गृहस्थांचा सदरा मागून धरला.

"मागे व्हा," ती म्हणाली. "कुणाचं तरी औषध आहे ते. वेळेवर पोहोचू द्या."