केतम्माच्या हातातला माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. पण सभेच्या आधी ज्याला टपल्या मारून ‘हॅलो, हॅलो’ करतात, त्यातला नव्हे. मी लांब काठीच्या टोकाला बसून टीव्हीच्या माहितीपटांसाठी माणसांचं बोलणं टिपतो. वाऱ्याची घरघर लागू नये म्हणून मला एक झिपरी टोपी घालतात. ती पाहून पोरंटोरं मला मांजर समजत आणि पिराजीअण्णा त्यांना खुशाल समजू देत.

पिराजीअण्णा माझे धनी. मूळचे निपाणीकडचे, पण सारा जन्म बेंगळुरूत गेलेला. यशवंतपूरच्या बाजाराशेजारी त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. मी नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! ते मला मऊ फडक्याने पुसायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्यासोबत मी पुष्कळ कडू ऐकलं. ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलींना नुसता चेहरा पाहून खोली नाकारणारे घरमालक ऐकले. कातडीच्या रंगावरून मारलेल्या हाका ऐकल्या. माझं काम ऐकायचं, मत द्यायचं नाही. पण मत असतंच की.

मग एकदा शलाकाताई आल्या. पुण्याच्या, हुशार, जरा घाईच्या. त्यांचा माहितीपट जंगलातल्या माणसांवर होता. इंग्रजांनी जंगलाभोवती रेघ आखली, आतलं सगळं सरकारचं ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं मध काढणारी माणसं घुसखोर झाली. इंग्रज गेले, रेघ राहिली. त्या रेघेपायी बाहेर हलवलेल्या एका वस्तीत आम्ही गेलो. दुभाषी होती पवित्रा. त्याच वस्तीतली, आता बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात कामाला. बोलणार होती तिची आजी, केतम्मा.

शलाकाताई हिंदीत विचारत, पवित्रा आजीला तिच्या बोलीत सांगे आणि केतम्मा ‘हूं’ म्हणे. तुमच्यावर काय अन्याय झाला, कसं वाटतं, काय गमावलं. ‘हूं’च्या पुढे म्हातारी जाईना. शलाकाताई हिरमुसल्या. मुलाखत आटोपली आणि पवित्रा कॉफी आणायला गेली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. मुलाखत संपली की सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं आणि त्या जागेचा नुसता आवाज टिपून घ्यायचा. पुढे चित्रणाचे तुकडे जोडताना तो उपयोगी पडतो. अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. इतका वेळ प्रश्नांचा भडिमार करणारी माणसं एकदम शांत होऊन आपल्याकडे बघताहेत, हे पाहून केतम्माला वाटलं, आता आपली पाळी. ती बोलू लागली. सावकाश, मनापासून बोलली.

अण्णांना कन्नड येतं, पण तिची बोली वेगळी. शिवाय आवाज टिपणाऱ्याचं लक्ष शब्दांकडे नसतंच. शांतता बिघडली, एवढंच त्यांना कळलं. म्हातारीला मध्येच थांबवणं जिवावर आलं म्हणून ते हसून मान हलवत राहिले. शलाकाताईंनीही हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जंगलात जायची परवानगी होती. पवित्रा कारखान्यातल्या पाळीसाठी आदल्या संध्याकाळीच बेंगळुरूला परतली होती. सकाळी केतम्मा रस्त्याकडेला उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात मधाची बाटली घेऊन. किती गोड, निरोप द्यायला आली, असं म्हणत शलाकाताईंनी चालत्या गाडीतून तिचं दृश्य टिपलं. ती थोडं अंतर गाडीमागून चाललीही. माहितीपटाचा शेवट याच दृश्यावर करायचा, हे तेव्हाच ठरलं.

पुढे एका रविवारी पवित्रा भाषांतर तपासायला स्टुडिओत आली. अण्णांनी तो वाया गेलेला तुकडाही सहज ऐकवला. ऐकता ऐकता तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. शलाकाताईंशी एरवी हिंदीत बोलणारी ती पोर या वेळी अण्णांकडे वळून कन्नडमध्येच बोलली. अण्णांचा चेहरा उतरला.

“अण्णा, काय म्हणतेय ती?” शलाकाताईंनी विचारलं.

“म्हातारी म्हणतीया, माझ्या गेलेल्या आईच्या नावाचा दगड आत जंगलात हाय. आमच्यात वर्षाला त्याला मध लावत्यात. वस्ती हलवल्यापास्नं मला आत सोडंनात. तुम्हास्नी उद्या सोडणार हाईत, तर मला गाडीत घ्या.” अण्णा शलाकाताईंकडे वळले. “आणि आपण समद्यांनी हो म्हणून मान हलवली, मॅडम.”

शलाकाताई पडद्याकडे वळल्या. त्यावर रस्त्याकडेची केतम्मा होती. त्यांनी वाहिनीकडून माहितीपट दाखवायची तारीख पुढे ढकलून घेतली आणि जंगलाची परवानगी पुन्हा मागितली. ती मिळाली, पण चित्रीकरणाच्या माणसांपुरतीच. वस्तीतल्या कुणालाही आत नेता येणार नव्हतं.

तरी आम्ही वस्तीवर जाऊन केतम्माला गाडीत घेतलं. जंगलाच्या नाक्याअलीकडे अण्णांनी गाडी थांबवली आणि मला काठीसकट केतम्माच्या हातात दिलं. शिपायाने विचारलं, ही कोण? अण्णा म्हणाले, “आमची माइक धरणारी.” शिपायाने एकदा माझ्या झिपऱ्या टोपीकडे, एकदा तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला. आपल्या जन्माच्या जंगलात केतम्मा माझी हमाल म्हणून शिरली. मला फार लाज वाटली.

दगडापाशी पोचल्यावर अण्णांनी मला बंद केलं. त्यामुळे केतम्मा आईशी काय बोलली ते मला ठाऊक नाही, आणि ते तसंच बरं.

आता कपड्यांना अडकवायचे चिमुकले माइक आले आहेत. मी कपाटात असतो, माझ्या टोपीला कसर लागली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी ‘आम्हाला जपा’ असं म्हणायचं असतं. मीही म्हणतो, अधूनमधून फडकं मारत जा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. समोरच्याचं बोलणं कळलं नाही, तर हसून मान हलवू नका. काय म्हणालात, असं तिथल्या तिथे विचारा. केतम्मा रस्त्याकडेला उभी होती, त्या सकाळी आमच्या गाडीत एक जागा मोकळी होती. तिथं माझी पेटी ठेवली होती.