चादरीच्या गाठीतला ताईत

डॉक्टरीणबाई अरुंधती म्हणाल्या, "फुप्फुसातली गाठ मोठ्या शिरेत शिरली नसेल तर कापून काढता येईल. शिरली असेल तर नाही. उद्या दोन्ही हातांतून औषध सोडून छातीचे फोटो काढू. औषध जाईल तिथपर्यंत शीर दिसते."

आमच्या ह्यांचं तोंड महिनाभरापासून फुगत होतं. इतवारीच्या बाजारात तीस वर्षं हातगाडी ओढलेला माणूस, पण मान खांद्याएवढी झाली. शेजारीण म्हणे, तब्येत सुधारली. मी म्हटलं, "तुहे डोळे दाखव वं दवाखान्यात. फुकटात पाहतात."

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ह्यांनी घरातले देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडले. तेव्हापासून कोणाच्या गळ्यात ताईत दिसला की मी बोलल्याशिवाय राहिले नाही. गल्लीतल्या रुखमाबाईले तर चार बायांत म्हटलं होतं, "तांबं बांधून दुखणं जात असतं, तर इतवारीतले भांडेवाले मेलेच नसते."

त्याच रुखमाबाईकडे त्या संध्याकाळी गेले. मागच्या दारानं. तिनं तांब्याच्या नळीचा ताईत दिला, टोमणा दिला नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना उघड्या अंगानं टेबलावर घेतलं.

"माणूस आहे का मुर्दा?" मी फोटोवाल्या रुपरावाला म्हटलं. "थंडीनं कापून राहिले ना. अंगाखाली माही चादर राहू दे."

"बाई, अशी चादर चालत नाही."

"तुहा बाप झोपला असता तर चालली असती."

माझ्या तोंडाला कोण लागतं? चादर राहिली. तिच्या कोपऱ्याला गाठ होती, गाठीत ताईत. ती मी बरोबर छातीखाली सरकवली.

मला बाहेर काढलं. आतून हे ओरडले, "आग झाली वं हातात, आग!"

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. फासळ्यांच्या मधोमध एक पांढरी नळी. "हे काय? नेमकं शिरेवर आलंय. खालचं काहीच कळत नाही. पुन्हा करावं लागेल."

रुपरावानं चादर ओढली. गाठ टणकन टेबलावर आपटली. त्यानं ती सोडली.

ह्यांनी ताईत पाहिला. "कोणाचा वं हा?"

रुखमाबाईचं नाव घेता आलं असतं. "माहा," म्हटलं.

"मी टोपलं उचललं तवा तूच म्हणे, मांगं पाहू नका."

पुन्हा सुया टोचल्या. ह्या वेळी हे ओरडले नाहीत. मी दाराला कान लावून उभी होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या फोटोत दोन्हीकडून पांढऱ्या रेघा येत होत्या आणि गळ्याखाली येऊन थांबत होत्या. पुढं मोठी शीर नव्हतीच. बाजूनं बारीक शिरा वाट शोधत वेड्यावाकड्या गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "राहू द्या. मले दिसते."

"तुमच्या चंपतरावांना मी सांगते."

"नाही. मी सांगन."

हे बाकावर बसले होते. हात सुजून लाल झालेले.

"शिरेत गेलं," मी म्हटलं.

"म्हंजे कापत नाही."

"नाही."

ह्यांनी हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एका डावात समजलं असतं."

मी बाकावरचा सदरा उचलला.

घालायला घेतला तर बाही सुजलेल्या हातावर चढेना. मी शिवणीला दात लावले.

"फाडू नको वं, नवा हाय."

मी दुसरीही बाही उसवली.