लाल डोक्याच्या काठ्या

तवमलर टीचरच्या शाळेत संगणक नव्हता, आणि तो येईल ही आशाही तिने केव्हाच सोडून दिली होती. तिने वर्गाच्या जमिनीवर खडूने चौकोन आखले, पुठ्ठ्यावर बाण काढून पत्ते कापले आणि मुलांना सांगितलं, "ही बाहुली म्हणजे यंत्र. हिला डोकं नाही. आधी पत्ते लावायचे, मग ती चालणार. पत्ते संपले की उभी!" मुल्लैतीवूकडच्या त्या खेड्यातली पोरं या खेळावर तुटून पडली.

सगळ्यांत हुशार आरणी. दुसऱ्यांच्या पत्त्यांतली चूक तिला लांबूनच दिसायची, आणि दिसली की तिला गप्प बसवत नसे.

"अडथळ्यांना खडे नकोत," टीचर एकदा म्हणाली. "काहीतरी लालभडक आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरणी काठ्यांची मोळीच काखोटीला मारून आली. प्रत्येक काठीचं डोकं लाल रंगवलेलं. टीचर हातातलं काम टाकून उठली.

"कुठून आणल्यास गं?"

"ताडाच्या रानातून. पण मी आत नाही गेले हं, टीचर! साफ केलेल्या वाटेनंच गेले. दोन्ही कडांच्या उपटल्या."

या काठीच्या पलीकडे सुरुंग आहेत, हे तिथे रांगत्या पोरालाही कळतं. त्या मुलखातली वर्षानुवर्षांची लढाई संपली, सुरुंग मातीतच राहिले. सुरुंग काढणारी तुकडी दुसऱ्या गावी गेली होती आणि काठ्या कुंपणासारख्या नुसत्या उभ्या होत्या. 'इथे पाऊल टाकू नको' एवढंच त्या सांगायच्या, आणि खेळाला नेमकं तेच हवं होतं. पोरीला काय बोलणार?

टीचरने तुकडीच्या पुष्पराणीला फोन लावला. "कुणाला आत जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "आत कुणी असेल तर आहे तिथंच उभं करा. आम्ही निघालोच."

आरणीला घेऊन टीचर धावत रानाशी पोचली, तर आत सिवनेसन! आरणीचा बाप. डोक्यावर झावळ्यांचा भारा. काठ्या दिसेनात, तेव्हा रान साफ झालं असं समजून बिचारा मधूनच आत शिरला होता.

"हलू नका! काठ्या उपटल्यात!" टीचर ओरडली.

तो जागीच थिजला. मागे वळून आपल्या पावलांचे ठसे शोधू लागला, पण कडक जमिनीवर ठसे कुठले उमटणार?

"अप्पा, तुम्ही आत्ता साफ केलेल्या वाटेवरच आहात!" आरणी ओरडली. "समोर वारूळ आहे ना? तिथपर्यंत सरळ या!"

"आरणी, गप्प!"

पण सिवनेसन निघालाही होता. पोरीवर त्याचा जीव होता आणि भरवसाही. तो वारुळापाशी नीट पोचला.

"आता—"

टीचरने तिचं तोंड घट्ट दाबून धरलं. दहा वर्षांच्या पोरीच्या आठवणीवर एका माणसाचा जीव कसा टांगायचा? पोरगी तिच्या हातात माशासारखी तडफडत होती.

"बोल की पोरी! आता कुठं?" सिवनेसन ओरडला. "अगं, बोल!"

"तिथंच उभे राहा!" टीचर किंचाळली.

पण तो काही खेळातली बाहुली नव्हता. एक पल्ला सुखरूप आला होता, घर समोर दिसत होतं. त्याने आपल्या मनाने उजवीकडे पाऊल टाकलं.

धमाक्याने ताडांवरचे कावळे उठले. जीव वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला.

तुकडीने पुढे सगळं रान पुन्हा तपासलं. काम उरकल्यावर पुष्पराणी शाळेत आली. "वारुळापासून डावीकडची वाट स्वच्छ निघाली," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही केलंत ते नियमाला धरूनच होतं, टीचर." त्या नियमाला आता काय चुलीत घालायचं होतं?

आरणी शाळेत परतली, पण खेळाकडे फिरकली नाही. काठ्या आपण उपटल्या हे तिला पुरतं कळलं होतं. एका दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"टीचर, मी 'डावीकडे' म्हणणार होते. ते बरोबर होतं का?"

'चूक' म्हटलं असतं तर टीचर सुटली असती. पण 'बोलले असते तर बापाला मीच मारलं असतं', या विचाराने पोरगी जन्मभर कुढली असती.

"बरोबर होतं, आरणी."

"मग मला बोलू का नाही दिलंत?"