डाव्या बाजूला शिवांजली

जानेवारीत गुरुजींनी स्वानंदी आणि शिवांजलीला एकमेकींपासून लांब बसवलं. श्रुतलेखन चालू असताना शिवांजली लिहिता लिहिता पुटपुटते आणि माझी स्वानंदी ते ऐकून पाटीवर उतरवते, अशी त्यांची तक्रार होती. दोघी पहिलीपासून शेजारी बसलेल्या. आता चौथीत, या शाळेतल्या शेवटच्या वर्षात, स्वानंदी भिंतीला गेली, शिवांजली दाराजवळ.

तेव्हापासून स्वानंदीचं श्रुतलेखन बिघडलं. निम्मी वाक्यं गाळलेली. घरी मी समोर बसवून सांगायची तेव्हा एक काना चुकत नव्हता. मग वर्गात काय होतं?

"लक्ष कुठं असतं तुझं?" मी रोज विचारायची. ती पाटी पुसत राहायची.

आमच्या वाडीची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला उंब्रजला जायचं, म्हणजे हायवे पार करायचा. त्या रस्त्यावर पोरीला एकटीनं धाडायचं माझ्या मनात नव्हतं. विट्याला माझ्या माहेरी शाळा घराला लागूनच आहे. एकदा चिडून मी म्हणाले, "असंच चाललं तर तुला आजीकडं विट्यालाच ठेवते." त्या दिवशी ती जेवली नाही.

फेब्रुवारीत गुरुजींनी चौथीच्या पालकांना वर्ग बघायला बोलावलं. आम्ही पाच-सहा आया मागं सतरंजीवर बसलो. गुरुजी एका जागी उभं राहून शिकवणारे नव्हेतच. वर्गभर फिरत, हात मागं बांधून ते वाक्यं सांगायचे.

"आमच्या गावाजवळून कृष्णा वाहते." गुरुजी फळ्यापाशी होते. स्वानंदीची पेन्सिल भरभर चालली.

"नदीच्या काठानं ऊस डोलतो." आता ते दाराच्या बाजूला पोचलेले. तिची पेन्सिल थांबली.

"अर्जुना, पाटीवर ऊस लिहायचाय, लावायचा न्हाई. केवढी अक्षरं काढतोस रं!" वर्ग हसला. स्वानंदी जरा उशिरानं, बाकीच्यांकडे बघून हसली.

तिचं ते उशिराचं हसू मला खटकलं. मग मी तिच्या हाताकडेच बघत बसले. गुरुजी समोर आले की पेन्सिल चालायची. लांब, मागं किंवा पलीकडं गेले की थांबायची. तिचा उजवा खांदा भिंतीला टेकलेला. सगळा वर्ग तिच्या डाव्या हाताला.

"स्वानंदी," मी हळूच हाक मारली. पुढच्या दोन-तीन मुली वळल्या. ती नाही.

"स्वानंदीची आई, लेकीला वर्गात तरी सोडा की जरा," गुरुजी हसून म्हणाले.

मी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. आता ती दचकली आणि वळली. पण माझ्याकडे नाही. ती उजवीकडे वळली, भिंतीकडे, आणि त्या निळ्या रंगाच्या भिंतीत मला शोधू लागली.

गुरुजींचं हसू गेलं. ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले आणि डाव्या कानाशी चुटकी वाजवली. एव्हाना तिला मी सापडले होते, ती माझ्याकडेच बघत होती. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

दाराजवळून शिवांजली म्हणाली, "गुरुजी, तिला त्या कानानं येत न्हाई ऐकू. म्हणून तर मी तिच्या उजव्या अंगाला बसायची."

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं?" गुरुजींनी विचारलं.

"तिनं शपथ घातली हुती."

घरी येताना मी स्वानंदीच्या उजव्या बाजूनं चालले. "कधीपासून?"

"दिवाळीत गाल सुजलेले ना, तवापासनं."

गालगुंडाचे ते दिवस मला आठवले. मी तासातासाला ताप बघत होते, लेप बदलत होते, रात्री तिच्या श्वासाकडे कान देऊन जागत होते. सगळं बघितलं, आणि हे तेवढं निसटलं.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

तिनं माझा हात सोडला. "सांगितलं असतं तर तू मला हायवे ओलांडू दिला असतास?"

उत्तर तिला माहीत होतं. 

कराडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. कानाची नस गेली आहे, ती परत येणार नाही, म्हणाले. उजवा कान चांगला आहे, त्याला जपा. एस.टी.त ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, डावा कान वर करून. सगळी वाट मी त्या कानावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दोघींना पहिल्या बाकावर आणलं. "पुटपुट गं बाई," ते शिवांजलीला म्हणाले, "आता मोठ्यानं पुटपुट." स्वतः मात्र ते फळ्यापासून हलत नाहीत. हात मागं बांधून जागच्या जागी डुलतात.

राहिला हायवे. विट्याच्या शाळेत मी फोन करून ठेवला होता. तरी एका रविवारी दोन्ही पोरींना घेऊन निघाले. हायवेच्या पुलाखाली जायच्या आधी बाजूचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथं उसाच्या ट्रॉल्या थांबत नाहीत.

"ऐकण्यावर जायचं नाही," मी स्वानंदीला सांगितलं. "अख्खी मान वळवून बघायचं. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे."

आधी हात धरून नेलं, मग नुसती बरोबर गेले. शेवटी म्हणाले, "आता तुम्ही दोघीच."

शिवांजली आपणहून जागा बदलून स्वानंदीच्या डाव्या बाजूला गेली.

"तिला तू उजवीकडं लागतेस ना?" मी विचारलं.

"ते बोलायला, काकू. रस्त्यावर कुठं बोलायचं असतंय?" तिनं स्वानंदीचं कोपर धरलं.

स्वानंदीनं मान वळवली, पुन्हा वळवली. एक ट्रॉली धडधडत गेली. कोपर दाबलं गेलं, दोघी थांबल्या, मग निघाल्या. माझ्या ओठांवर हाक आली होती. ती तिच्यापर्यंत पोचणार नव्हती, म्हणून मी तिथंच गिळली आणि नुसती बघत राहिले.

पलीकडं पोचल्यावर स्वानंदी पूर्ण वळली. मला शोधलं. हात वर केला.

तेवढ्या लांबून काही सांगण्यात अर्थ नव्हता. त्या परत येईपर्यंत मी थांबले. मग तिच्या उजव्या बाजूला गेले, खाली वाकले आणि सांगितलं, "जूनमध्ये उंब्रज."